सुट्या पैशांतील परकीय नाणी

सुट्या पैशांतील परकीय नाणी म्हणजे दैनंदिन खरेदी-विक्रीत मोड म्हणून हाती आलेली, परंतु ज्या देशात ती हाती आली तेथे विधिग्राह्य चलन नसलेली नाणी होत. ही नाणी खोटी किंवा बनावट नसतात. ज्या टांकसाळीत ती पडली तिच्या देशात ती खरी असतात किंवा कधीकाळी खरी होती. त्यामुळे असे नाणे हाती आल्यावर ते पुढे चालवावे, बदलून घ्यावे, जपून ठेवावे की कोणाला द्यावे, हा प्रश्न उपस्थित होतो. आज हा प्रश्न बहुधा पाच-दहा रुपयांपुरता मर्यादित असतो. इतिहासात मात्र तो राजसत्ता, सराफ आणि सामान्य गिऱ्हाईक या सर्वांपुढे होता. त्याचे सर्वांत बोलके पुरावे महाराष्ट्रात नाशिक परिसरात मिळतात.

ओळख

भारतीय नाण्यावर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा, ‘सत्यमेव जयते’ हे बोधवाक्य, देवनागरी व रोमन लिपींत देशाचे नाव, मूल्य आणि वर्ष असते. २०११ पासून रुपयाचे चिन्हही येऊ लागले. वर्षाच्या खाली टांकसाळीची खूण असते: मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. यांपैकी सिंहमुद्रा व देशाचे नाव दिसले नाही, तर नाणे परकीय असण्याची शक्यता मोठी. नाशिक रोड येथे चलनी नोटांचा छापखाना असल्याने नाणीही तेथेच पडतात असा विद्यार्थ्यांचा हमखास गैरसमज असतो. नाशिकला आज नाण्यांची टांकसाळ नाही.

गफलत बहुधा आकारामुळे होते. संयुक्त अरब अमिरातीचा एक दिरहम आणि फिलिपिन्सचा जुन्या छापाचा एक पेसो ही दोन्ही नाणी २४ मिलिमीटर व्यासाची आहेत. थायलंडचे दहा बाथचे नाणे युरोपातील दोन युरोच्या नाण्यासारखे दोन धातूंचे व जवळपास तेवढेच असते. आपल्याकडील दहा रुपयांचे नाणेही दुधातूचे असल्याने गर्दीच्या वेळी अशी नाणी गल्ल्यात शिरतात.

याच्या उलट चूकही घडते. दहा रुपयांच्या नाण्यांचे छाप वेगवेगळे असल्यामुळे खरी भारतीय नाणीच नाकारली जाऊ लागली होती. अखेर रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये चौदाही प्रकारची नाणी ग्राह्य असल्याचा खुलासा करावा लागला. पंचवीस पैसे व त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती भारतीय असली तरी व्यवहाराच्या दृष्टीने आज परकीय नाण्यांच्याच पंगतीला बसतात.

नाशिक परिसरातील पूर्वपीठिका

नाशिकच्या पांडवलेण्यांत, ज्यांचे शिलालेखांतील नाव त्रिरश्मी असे आहे, क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक दानलेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर महिना शेकडा एक आणि एक हजारावर पाऊण असा व्याजदरही लेखात कोरलेला आहे. प्रस्तुत विषयासाठी महत्त्वाचा उल्लेख दुसरा आहे. त्याच लेखात सत्तर हजार कार्षापणांची एक देणगी नोंदवली असून, पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण या भावाने ती दोन हजार सुवर्ण होते, असा हिशेब दिला आहे. चांदीचे आणि सोन्याचे अशी दोन नाणी शेजारी शेजारी चालत असतील, तर त्यांचा भाव सर्वांना ठाऊक असावा लागतो. तो येथे थेट कातळावर लिहिला गेला.

नहपानाची चांदीची नाणी सुमारे दोन ग्रॅम वजनाची होती. त्यांच्या एका बाजूस राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील नाव असे. इ. स. च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा पराभव केला. तेव्हा या प्रदेशातील लोकांच्या हाती, श्रेणींच्या ठेवींत आणि बाजारात शत्रूची नाणी होती. ती रद्द ठरवली असती, तर नुकसान नहपानाचे नव्हे, ती बाळगणाऱ्या प्रजेचे झाले असते.

या पेचावर काय तोडगा निघाला, हे १९०६ मध्ये उघड झाले. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सर्व नाणी मुळात नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता: एका बाजूस तीन कमानींचा चैत्य किंवा पर्वत, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, आणि भोवती त्याचे नाव. नाणी वितळवली नाहीत. त्याच चांदीवर नवा ठसा उमटवला. अनेक नाण्यांवर नव्या छापाखालून नहपानाचे नाक, ओठ वा एखादे ग्रीक अक्षर अजून डोकावते. उरलेली सुमारे चार हजार नाणी छापाविना त्याच ठेव्यात होती. ती पुनर्मुद्रांकनाची वाट पाहत होती की तशीच स्वीकारली जात होती, याविषयी एकच उत्तर ठामपणे देता येत नाही. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या ठेव्याचे वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नहपान आणि गौतमीपुत्र समकालीन होते, या मताला या ठेव्याने मोठा आधार दिला. एका राजाचे नाणे दुसऱ्याच्या हाती पडल्यावर त्याने काय केले, एवढ्या तपशिलावर राजवंशांच्या कालगणनेचा प्रश्न उभा राहिला, हे येथे लक्षात घ्यावे.

बट्टा, हाली आणि कलदार

मराठेशाहीत अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथील टांकसाळीचा चांदवडी रुपया त्यांपैकीच एक. नाणे दुसऱ्या मुलखातले, झिजलेले किंवा कसाला कमी असेल, तर त्याच्या दर्शनी मूल्यातून जी कपात होई तिला बट्टा म्हणत. ती ठरवण्याचे काम सराफ व पोतदार करीत: नाणे तोलणे, कस पाहणे, फरशीवर वाजवून नाद ऐकणे. नाव खराब होण्याला ‘नावाला बट्टा लागणे’ आणि खात्रीच्या माणसाला ‘खणखणीत नाणे’ म्हणण्याची आपली सवय याच व्यवहारातून आली आहे. ‘दाम’ हा तर परदेशी नाण्याचाच वंशज आहे. ग्रीक द्राख्मेचा संस्कृत-प्राकृतात द्रम्म झाला, आणि द्रम्माचा दाम.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये एकसारख्या वजनाचा रुपया सुरू केला. यंत्रावर पडलेला म्हणून त्यास लोक कलदार म्हणत. तरीही नाशिक जिल्ह्याच्या पूर्व सीमेला लागून असलेल्या निजामाच्या राज्यात, म्हणजे वैजापूर-औरंगाबादकडे, हाली सिक्का हे वेगळे चलन होते. मनमाडहून निजामाच्या रेल्वेने हैदराबादकडे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेत चलन बदलल्याची जाणीव ठेवावी लागे. सहा कलदार रुपयांस सात हाली, असा भाव पुढे रूढ होता. शंभर कलदार द्यावे तर सुमारे एकशे साडेसोळा हाली पदरी पडत. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० मध्ये तेथे भारतीय रुपया आला, पुढच्या वर्षी हाली नाणी पाडणे थांबले, परंतु ती रद्द झाली १९५९ मध्ये. सत्ता गेल्यावरही लोकांच्या हातातले नाणे बदलून देण्यास वेळ दिला गेला, हे या प्रकरणातले समंजस अंग म्हणता येईल.

परकीय सोन्याच्या नाण्यांची वाट निराळी होती. व्हेनिसच्या डुकाट नाण्यावर मानवी आकृती असत. त्यामुळे त्यास महाराष्ट्रात पुतळी म्हटले जाई, आणि पुतळ्यांची माळ हा दागिना त्यावरून आला. इंग्रजी सोव्हरिन ‘गिनी’ या नावाने असाच गळ्यात गेला. चालत नसलेले नाणे मोडायचे नसेल तर त्यास कडी लावून ओवायचे, हा घराघरांतील तोडगा होता.

आजची कायदेशीर स्थिती

नाणे अधिनियम, २०११ नुसार एक रुपया व त्याहून मोठी भारतीय नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत, तर पन्नास पैशांचे नाणे दहा रुपयांपर्यंत विधिग्राह्य आहे. परकीय नाण्यास हा दर्जा नाही. त्यामुळे ते नाकारण्याचा अधिकार दुकानदाराला आहे, तसाच गिऱ्हाइकालाही.

बाळगण्यास मात्र बंदी नाही. परकीय चलनाच्या नोटा व प्रवासी धनादेश निवासी व्यक्तीने दोन हजार अमेरिकी डॉलरच्या मूल्यापर्यंतच जवळ ठेवावेत, अशी परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांत मर्यादा आहे. नाण्यांना ती लागू नाही. परकीय नाणी कोणीही, कितीही बाळगू शकतो. अडचण बदलून घेण्यात आहे. बँका व अधिकृत चलनविक्रेते सहसा नोटाच घेतात. नाण्यांची वर्गवारी, मोजदाद व परत पाठवण्याचा खर्च त्यांच्या मूल्यापेक्षा जास्त होतो.

शेजारी देशांच्या नाण्यांविषयी नेहमी गोंधळ होतो. नेपाळी रुपयाचा भाव १९९३ पासून एका भारतीय रुपयास एक रुपया साठ पैसे नेपाळी असा स्थिर आहे. भूतानचे ङुल्ट्रम भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालते आणि तेथे भारतीय रुपयाही ग्राह्य असतो. मात्र ही ग्राह्यता एकतर्फी आहे: पंचवटीतल्या दुकानात ङुल्ट्रम विधिग्राह्य नाही.

हाती आल्यावर

असे नाणे पुढे चालवून देण्याचा मोह सर्वसामान्य आहे. रक्कम क्षुल्लक असली तरी जाणूनबुजून तसे करणे ही फसवणूकच. शिवाय नाणे फिरत फिरत बहुधा भाजीवाली, रिक्षाचालक किंवा चहाच्या टपरीवरचा मुलगा यांच्यापाशी येऊन थांबते. दिवसाच्या शेवटी ज्याचा गल्ला सर्वांत लहान, त्याच्याकडेच ते उरते. मोड घेतानाच नाणे पाहून परत केले, तर वाद होत नाही. काउंटरवरून हलल्यावर ते सिद्ध करणे अवघड.

नाणे आधीच स्वीकारले गेले असेल तर प्रथम देश, वर्ष व मूल्य वाचावे. ते आपल्या देशातही बाद झालेले असू शकते. ब्रिटनचे जुने गोल एक पौंडाचे नाणे १५ ऑक्टोबर २०१७ नंतर तेथील दुकानांत चालत नाही, आणि युरोपूर्वीच्या मार्क, फ्रँक, लिरा या नाण्यांनी आज काहीही विकत घेता येत नाही. चालू नाणे असेल, तर त्या देशात जाणाऱ्या नातेवाईक वा शेजाऱ्यास देणे हा सर्वांत सरळ मार्ग. दुबई किंवा मस्कतला माणूस असलेली घरे आता नाशिकमध्येही कमी नाहीत. देवस्थानच्या दानपेटीत ते टाकण्याची प्रथा आहे. भाविकाचा हेतू चांगला असला तरी मोजणाऱ्याची अडचण तीच राहते.

झटपट श्रीमंतीच्या जाहिरातींपासून सावध राहावे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा कर मागणाऱ्यांविरुद्ध बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. चलनात सापडणारे बहुतांश परकीय नाणे लाखोंच्या संख्येने पडलेले असते. त्याचे संग्रहमूल्य नगण्य असते.

फार जुन्या नाण्यांचे नियम वेगळे आहेत. किमान शंभर वर्षे जुने नाणे, मग ते कोणत्याही देशाचे असो, पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ खाली पुरावशेष ठरू शकते, आणि असे नाणे खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या ठेव्याची माहिती १८७८ च्या गुप्तनिधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. अशी नाणी चिंच-मिठाने घासून चकचकीत करू नयेत. पृष्ठभागाबरोबर अक्षरेही जातात. कोठे, कशात आणि कोणत्या नाण्यांसोबत सापडले याची नोंद ठेवावी. जोगळटेंभीची नाणी एकेक करून मोडीत विकली गेली असती, तर किती नाण्यांवर दुसरा छाप होता हे प्रमाण कधीच कळले नसते.

ओळख पटवण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. नाशिक–त्र्यंबकेश्वर मार्गावरील अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था असून, परमेश्वरीलाल गुप्त हे तिचे पहिले संचालक होते. तेथील नाण्यांच्या संग्रहालयात भारतीय नाण्यांचा क्रम आहत नाण्यांपासून पाहता येतो.