झडपेच्या कडेची गळती

आत्याच्या हृदयात कृत्रिम झडप बसवून बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात तिला धाप लागायला लागली, लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि कडेला एक बारीक चंद्रकोर. "झडप ठीक आहे, कडेनं गळतंय." झालं, माझे दोन वीकएंड वाचण्यात गेले.

गोष्ट सुरू होते एका इंजिनिअरपासूनच! १९५८ मध्ये लोवेल एडवर्ड्स नावाचा निवृत्त इंजिनिअर अमेरिकेतल्या पोर्टलंडला अल्बर्ट स्टार या सर्जनकडे गेला. त्याला अख्खं कृत्रिम हृदय बनवायचं होतं. स्टार म्हणाले, आधी एक झडप तर करू. १९६० मध्ये त्यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप माणसाच्या हृदयात बसली.

पण झडप कितीही भारी असली तरी ती धरलेली असते टाक्यांनी. जंतुसंसर्ग झाला किंवा कडेला कॅल्शियम साचलेलं असलं की टाके निसटतात, फट पडते. त्या फटीतून रक्त इतक्या जोरात घुसतं की तांबड्या पेशी फुटतात. आत्याचा 'कोरा चहा' तो हाच. पूर्वी उपाय एकच: छाती परत उघडा, हृदय थांबवा, परत शिवा. आणि दुसऱ्या वेळी धोका जास्त.

१९९२ मध्ये बोस्टनच्या जेम्स लॉक आणि सहकाऱ्यांनी वेगळीच वाट छापून आणली. विल्यम रॅशकिंड यांनी मुलांमधली जन्मानंतरही उघडी राहिलेली रक्तवाहिनी बुजवायला दुहेरी छत्री बनवली होती. तीच यांनी कॅथेटरमधून नेऊन झडपेच्या फटीत उघडली. पुढे कर्ट अँप्लाट्झ यांचे नायटिनॉलच्या जाळीचे प्लग आले. नळीत दुमडून जातात, बाहेर पडले की मूळ आकार घेतात. तेही मुळात दुसऱ्याच भोकांसाठी!

गोची अशी की छत्री गोल आणि फट चंद्रकोरीसारखी. थोडी गळती उरली तर पेशी फुटतच राहतात. प्लग झडपेच्या पाकळीला अडकूही शकतो. म्हणून केबलवरून सोडायच्या आधी सगळं तपासतात, नाहीतर परत ओढतात. आमच्या भाषेत रोलबॅक. आता खास या फटींसाठी लांबट प्लगही निघालेत.

हे सगळं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज मला घालणार म्हण की!"

"हो, पण बसला नाही तर हुक लावायच्या आधी काढता येतो."

ती हसली. पुढच्या गुरुवारची तारीख घेतली आहे.