अरण्याच्या कडेची वसाहत

बर्लिन शहराच्या नैर्ऋत्य भागात, ग्रूनेवाल्ड या विस्तीर्ण अरण्याच्या कडेला, पाइन आणि भूर्ज वृक्षांच्या छायेत एक शांत वसाहत आहे. तिच्या रेल्वेस्थानकाचे नाव 'ओंकेल टॉम्स ह्यूटे', म्हणजे 'टॉमकाकाची झोपडी'. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ सालच्या प्रसिद्ध कादंबरीचे हे नाव प्रथम तेथील एका उपाहारगृहास मिळाले व त्यावरून पुढे वसाहतीस चिकटले.

ही शांतता आपोआप लाभलेली नव्हे. पहिल्या महायुद्धापूर्वीचे बर्लिन भाडोत्री बिऱ्हाडांच्या प्रचंड इमारतींचे शहर होते. एका अंगणामागे दुसरे, दुसऱ्यामागे तिसरे. आणि आतल्या खोल्यांत सूर्यप्रकाश जेमतेम पोहोचे. भोवतालची वनेही जमिनीच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू लागली होती. तेव्हा १९१५ साली बर्लिन व आसपासच्या नगरांच्या संघाने प्रशियाच्या सरकारकडून सुमारे १०,००० हेक्टर वन ५ कोटी मार्कांस विकत घेतले आणि ते वन म्हणूनच राखण्याचे बंधन करारान्वये स्वीकारले.

वन राहिले, त्याच्या कडेला राहणार कोण, हा प्रश्न उरला. १९२३ च्या भयंकर चलनवाढीत जुन्या घरमालकांची कर्जे कवडीमोल झाली. हा अनपेक्षित लाभ सर्वस्वी त्यांच्याच पदरात पडू नये, म्हणून १९२४ साली जुन्या घरांवर विशेष कर बसविण्यात आला आणि त्याचा काही भाग नव्या घरबांधणीकडे वळविण्यात आला. त्याच वर्षी मार्टिन वाग्नर यांच्या पुढाकाराने कामगार संघटनांनी 'गेहाग' ही गृहनिर्माण संस्था स्थापन केली. तिचे प्रमुख वास्तुशिल्पी होते ब्रूनो टाउट.

टाउट, हूगो हेरिंग आणि ओटो झाल्व्हिसबेर्ग यांनी १९२६ ते १९३२ या काळात येथे सुमारे १,९०० घरे उभारली. काही रांगेतली, तर बरीचशी मजल्यांच्या इमारतींतली. शक्य तेथे जुनी झाडे राखली गेली. नक्षीकामास पैसा नव्हता. टाउट यांनी ती उणीव रंगांनी भरून काढली. तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, निळ्या भिंती पाहून लोकांनी वसाहतीस 'पोपटांची वस्ती' असे नाव ठेवले. १९२९ च्या डिसेंबरात भुयारी रेल्वेचा फाटा येथवर आला. त्याच्या खर्चाचा भार बांधकाम व्यावसायिक आडोल्फ झोमरफेल्ड यांनी उचलला होता.

परंतु घरांची छपरे सपाट होती आणि तेवढ्यावरून वाद पेटला. १९२८ साली शेजारीच, पांढरपेशा कर्मचाऱ्यांशी संबंधित 'गागफा' या संस्थेने, हाइनरिख टेसेनो यांच्या नेतृत्वाखाली उतरत्या छपरांची घरे मुद्दाम उभारली. सपाट छप्पर परके, उतरते ते अस्सल जर्मन, असे मत मांडले जाऊ लागले. या प्रकरणास 'झेलेनडोर्फचे छपरांचे युद्ध' असे नाव पडले. वरकरणी हा वाद वास्तुकलेचा. त्याच्या मुळाशी मात्र देश कोणाचा, हा प्रश्न होता.

१९३३ साली त्याचे उत्तर बळाने देण्यात आले. वाग्नर यांचे पद गेले. टाउट जपानला गेले आणि १९३८ साली इस्तंबूल येथे मरण पावले. ज्यू असलेल्या झोमरफेल्ड यांना देश सोडावा लागला. 'गेहाग' नाझींच्या कामगार आघाडीच्या ताब्यात गेली. १९३८ ते १९४० या काळात वसाहतीपासून जवळच, तशाच पाइन वृक्षांखाली, एस.एस. दलाच्या लोकांसाठी उतरत्या छपरांची टुमदार घरे बांधली गेली. ऑक्टोबर १९४१ पासून याच अरण्याचे नाव धारण करणाऱ्या ग्रूनेवाल्ड स्थानकावरून बर्लिनमधील ज्यूंना हद्दपार करणाऱ्या गाड्या सुटू लागल्या.

वसाहतीच्या उणिवाही नोंदविल्या पाहिजेत. नव्या घरांची भाडी अकुशल मजुरास न झेपणारी होती. तेथे राहावयास आले ते मुख्यतः कुशल कामगार, कारकून आणि मध्यमवर्गीय. १९९८ साली 'गेहाग'चेही खाजगीकरण झाले. तथापि तेथील झाडांखाली आजही जी शांतता नांदते, तिच्यामागे एक करार, एक कर आणि सामान्य माणसालाही उजेडाचा हक्क आहे असे मानणाऱ्या काही माणसांची चिकाटी उभी आहे. त्यांतील कित्येकांना त्या छायेत म्हातारे होणे मात्र लाभले नाही.