क्विंटल म्हणजे शंभर

मार्केट खामगावचं असो, चिखलीचं असो की मलकापूरचं, सोयाबीनचा भाव निघतो तो क्विंटलवर. हमीभाव पण क्विंटलवरच. आज या शब्दाची कुळकथा सांगतो, कारण तिचा आपल्या काट्याशी थेट संबंध आहे.

शब्द इंग्रजीतून आला, पण मूळ लॅटिन. लॅटिनमध्ये शंभराला 'केंटुम' म्हणत. त्यावरून 'केंटेनारिउम', म्हणजे शंभर पौंडांचं वजन. तो ग्रीकांनी घेतला, पुढे अरबीत त्याचा 'किंतार' झाला, आणि व्यापाराच्या वाटेनं परत युरोपात जाऊन फ्रेंच-इंग्रजीत 'क्विंटल' झाला. इजिप्तमध्ये कापूस 'कंतार'नं मोजतात, तो याचाच भाऊ.

आणखी गंमत म्हणजे लॅटिन 'केंटुम' आणि संस्कृत 'शतम्' एकाच मुळातले. म्हणजे आपला शेकडा आणि त्यांचा क्विंटल नात्यातलेच.

पण नावात शंभर असलं तरी वजन तेवढंच राहिलं असं नाही. स्पेनचा क्विंटल सुमारे ४६ किलोंचा, पोर्तुगीजांचा सुमारे ५९ किलोंचा. इंग्रजांनी तर कमालच केली. त्यांच्या 'हंड्रेडवेट'चा अर्थ शंभराचं वजन, पण त्यात पौंड भरत ११२! नाव शंभराचं, माप वरून बारा.

आपल्याकडंही तेच होतं. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांच्या वर, म्हणजे ३७ किलोंहून जास्त. शब्द एकच, पण वजनात जवळपास तिपटीचा फरक. वऱ्हाडातून खामगावमार्गे कापूस मुंबईला जायचा, तिथं खंडी ७८४ पौंडांची. रुईचा भाव आजही त्याच खंडीवर निघतो, सुमारे ३५६ किलोंची. कोणतं माप कुठलं, हे ज्याला पक्कं ठाऊक त्याचाच फायदा. शेतकऱ्याला ते कुठून ठाऊक असणार?

हा घोळ मिटवायला १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं यायला लागली आणि १९६२ पर्यंत देशभर सक्तीची झाली. मण-शेर गेले. क्विंटल आला तो फ्रान्सच्या मेट्रिक पद्धतीतला, पक्का १०० किलोंचा. कितीतरी शतकांनी शब्द आणि वजन एका जागी आले.

म्हणून क्विंटलमागं किलो-दोन किलो 'कडता' धरला की मला तो ११२ पौंडांचा शेकडा आठवतो. हिशेब साधा आहे. २० क्विंटल सोयाबीनवर क्विंटलमागं २ किलो कापले, तर ४० किलो माल फुकट गेला. जवळपास एक कट्टाच म्हणा ना! ओलावा, माती, काडीकचरा असेल तर त्याचा परिणाम भावात दिसू द्या, बोली लागतानाच. वजनात नाही. भाव कमी-जास्त होईल, शंभर मात्र शंभरच राहिला पाहिजे.

यंदा माल नेला की काटापट्टीवरचं वजन आणि हिशोबपट्टीवरचं वजन शेजारी ठेवून बघा. दोन आकडे जुळत नसतील तर पैसे घ्यायच्या आधी तिथंच विचारा.