प्याला टळला नाही, दूत मात्र आला

ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ सुरू झाला की मला आमच्या शेजारची म्हातारी माय आठवते. लहानपणी तिचे बोट धरून मी इगर्जेत दुःखभोगाचे देखावे पाहायला जायचो. पडदा सरकायचा. बागेत गुडघे टेकलेला येशू, आणि वर प्याला घेतलेला आंज. (पोर्तुगीज 'आंजो'वरून हा शब्द आपल्याकडे आला. आंज म्हणजे देवदूत.) एकदा मी विचारले, "माय, आंज आयलो, मगीर ताका खुरसार कित्याक मारलो?" ती म्हणाली, "आंज ताका व्हरूंक न्हय पुता, बळ दिवंक आयिल्लो."

पुढे बायबल वाचताना कळले की मायने नेमके मर्म सांगितले होते. गेथशेमाने बागेतल्या दूताचा उल्लेख चार शुभवर्तमानांपैकी फक्त लूकमध्ये (२२:४३) आहे. हा दुःखाचा प्याला टळावा, पण माझ्या नव्हे तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, अशी येशू प्रार्थना करतो. दूत येऊन त्याला शक्ती देतो; प्याला काही टळत नाही. उलट पुढच्याच ओळीत त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा गळतो. गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत या दोन ओळीच नाहीत. देवपुत्राला दूताच्या आधाराची गरज कशी पडावी, हा प्रश्न जुन्या नकलाकारांनाही सतावत असावा, असे काही अभ्यासक मानतात.

मत्तयमध्येही तेच. ४० दिवसांच्या उपवासानंतर सैतान म्हणतो, मंदिरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील. येशू नकार देतो. दूत येतात, पण परीक्षा संपल्यावर, सेवेसाठी. 'प्रेषितांची कृत्ये'च्या १२व्या अध्यायात साखळदंडांत जखडलेल्या पेत्राला दूत तुरुंगातून सोडवतो. पण त्याच अध्यायाच्या आरंभी याकोब तलवारीने मारला जातो. त्याच्यासाठी कोणी दूत आला नाही. याचे स्पष्टीकरण लेखक देत नाही, आणि मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले, आणि नंतर तिथल्या गांवकारांनाही कपटाने ठार करण्यात आले. अशा होरपळलेल्या साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली. त्याचे सुमारे ११ हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापले गेले. ज्यांचे जुने देव हिरावले गेले, त्यांना संकटातल्या आधाराची कथा त्यांच्याच भाषेत मिळाली. पण ती त्याच सत्तेच्या छायेत मिळाली. हे दोन्ही एकदम लक्षात ठेवावे लागते.

आपल्या गावांना राखणदार होताच. ख्रिस्ती घरांत राखण करणारा आंज आला. दोघे एक नव्हेत: राखणदार गावाच्या सीमेचा, आंज एकेका माणसाचा. तरी रात्री वाटेने एकट्याने जाणाऱ्याच्या मनातली हाक सारखीच असणार.

माय शेवटी बरीच वर्षे अंथरुणाला खिळून होती. आजार हटला नाही. पण मी भेटायला गेलो की तीच माझी विचारपूस करायची. बळ कुठून येते, हे मी तिला पुन्हा विचारले नाही.