गाथेतील तळे आणि नोंदीतील तळे

भिलाईलगतच्या हथखोजची ओळख आज औद्योगिक क्षेत्र अशीच आहे. ज्या शिवनाथ खोऱ्यात ते वसले आहे, त्या मुलुखात मात्र तळे खणणाऱ्यांची गाथा गायिली जाते. छत्तीसगढीतील दसमत कैना आणि गुजरातीतील जसमा ओडण या दोघी ओड स्त्रिया. दोघीही तळ्याच्या खोदकामावरच्या मजूर आणि राजाच्या अभिलाषेला नकार देणाऱ्या. जसमाच्या शापामुळे पाटणच्या सहस्रलिंग तलावात पाणी ठरेना, असे लोककथा सांगते. इतिहास सांगतो तो एवढेच, की हा तलाव सरस्वती नदीच्या पाण्यावर कालव्याने भरत असे व पुढे गाळाने बुजला. अभ्यासकांनी या कथांतील सतीत्वाचे भरपूर विवेचन केले. त्यांतील कुदळ-टोपलीकडे, म्हणजे श्रमाच्या हक्काकडे, त्या मानाने दुर्लक्षच झाले.

पाण्याचा दुसरा पाठ महसुली दप्तरात आहे. भंडारा-चांदा भागात गोंड राजवटीत कोहळी समाजाने तलाव बांधले. नवेगाव बांध हा त्यांतलाच. पाणीवाटपाचा गावरिवाज ब्रिटिश बंदोबस्तात 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात उतरला. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१पासून तलाव शासनाकडे गेले. दुर्ग आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातच होते. एकाच कायद्याने दोन्हीकडचे धनी बदलले. धनीपण हस्तांतरित करता आले, राखण तशी करता आली नाही. गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी बांधायची, हे ठरवणारी गावची घडी मोडली.

नदीचेही तसेच झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात बालोदजवळ सिंचनासाठी तांदुला धरण उभे राहिले. १९५५च्या भारत-सोव्हिएत करारानंतर उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यासाठी त्याचे पाणी मरोदा जलाशयात आणले गेले. १९९८मध्ये तर बोरई औद्योगिक क्षेत्राच्या पाणीपुरवठ्यासाठी शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा एका खासगी कंपनीकडे २२ वर्षांच्या कराराने सोपवण्यात आला. काठावरच्या शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या तक्रारी उठल्या. मार्च २००७मध्ये छत्तीसगढ विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली. करारनाम्याच्या भाषेत नदी ही पुरवठ्याची वस्तू होती. गाथेतील राजासुद्धा तळ्याला इतके परके मानत नाही.

वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदिया भागात, अलीकडच्या दशकांत तलावांचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याची वाट निराळी आहे. तेथील धीवर मच्छीमारांनी, विशेषतः स्त्रियांच्या गटांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने उन्हाळ्यात तळ्यातला बेशरम मुळासकट उपटला, उथळ भाग नांगरला आणि पावसाळ्याच्या तोंडावर स्थानिक जलवनस्पती लावल्या. केवळ गाळ उपसून तळे खोल करणाऱ्या सरकारी योजनांत या उथळ काठाला जागा नसते. मरळीसारख्या देशी माशांचे निवारे मात्र तिथेच असतात. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आसऱ्याने वाढतो, याची जाण धीवरांच्या बोलीत टिकून होती. लागवड तिच्याच आधाराने झाली.