भाकरी, कडबा आणि दूध : पाथरीच्या ताटाचा इतिहास

'व्हीगन' हा शब्द आपल्याकडे उच्चारला की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं असं की, हे शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ आहे, पाथरीसारख्या तालुक्याच्या गावाला त्याचं काय? दुसरं असं की, आपले पूर्वज हेच तर करत होते, त्यात नवीन ते काय? आज आपण ही दोन्ही उत्तरं इतिहासावर घासून बघणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ. इंग्लंडमध्ये १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सोबत्यांनी 'व्हीगन सोसायटी' काढली. मांस तर नाहीच, पण दूध, अंडी, मधही नको, कारण या सगळ्यांत प्राण्याचा वापर आहे, ही त्यांची भूमिका. त्याच्या तेरा वर्षं आधी, म्हणजे नोव्हेंबर १९३१ मध्ये, गांधीजी लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे बोलले होते. शाकाहाराचा पाया प्रकृतीचा नसून नीतीचा असला पाहिजे, हा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. दूध सोडण्याचं व्रत तर त्यांनी १९१२ मध्येच घेतलं होतं. पुढे १९१८-१९ च्या मोठ्या आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि त्याची सल त्यांनी आत्मकथेत लपवलेली नाही.

आता आपल्या परंपरेकडे वळू. आपल्याच जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. अहिंसेचा इतका बारीक विचार करणाऱ्या त्या परंपरेनंही दूध वर्ज्य मानलं नाही. कारण काय, तर दूध जीव न घेता मिळतं, अशी समजूत. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथं थांबून विचारतो की, ही समजूत खरी होती का? आमचं उत्तर असं की, ते गोठ्याच्या अर्थव्यवस्थेवर अवलंबून आहे. आणि ती अर्थव्यवस्था बघायला पाथरीइतकी चांगली जागा नाही.

गाव जुनं. जुन्या ग्रंथांतलं गोदातीरावरचं पार्थपूर ते हेच. १५०३ च्या सुमारास ज्ञानराजांनी 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ इथं लिहिला. अहमदनगरच्या निजामशाहीचं मूळ घराणं पाथरीचं, म्हणून बुऱ्हाण निजामशहानं या गावासाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. नंतर मोगल आले, हैदराबादचा निजाम आला, १९४८ ला मुक्ती मिळाली. या सगळ्या काळात काळ्या जमिनीवर रब्बीची ज्वारी होत राहिली.

पण 'पूर्वापार' हा शब्द जपून वापरावा. ज्या ठेच्याशिवाय आपल्याला भाकरी गोड लागत नाही, ती मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांमार्फत आली, शेंगदाणाही तिकडचाच. ज्ञानराजांच्या ताटात ठेचा नव्हता! तेव्हा परंपरा म्हणजे गोठलेली वस्तू नाही. तीही शिकते, बदलते.

आता ज्वारीचं गणित बघा. कणसातला दाणा माणसाला, धाटाचा कडबा जनावराला. एकाच पिकात दोघांची सोय. कडब्यावर बैल पोसायचा, बैलानं शेत नांगरायचं, शेण पुन्हा शेतात. ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी, कारण काटेरी करडईत जनावर घुसत नाही. त्याच करडईचं तेल घाण्यावर निघायचं. मधे तूर, जवस, तीळ. रानात आपोआप उगवणारी घोळ, तांदुळजा आणि आपल्या गावाचं नाव मिरवणारी पाथरीची भाजी, जी भाकरीबरोबर कच्चीच खातात. म्हणजे रोजच्या ताटाचा मोठा भाग वनस्पतीचाच होता.

आणि गाय? लाल कंधारी, देवणी या आपल्या भागातल्या जाती. यांची कीर्ती मुख्यतः बैलासाठी. गाय पाळायची ती गोऱ्ह्यासाठी, दूध हा वरचा लाभ. वासरू पिऊन उरेल ते घरात. गोऱ्हा जन्मला की घरात आनंद, कारण तो उद्याचा नांगर. पोळ्याचा सण त्याच नात्यातला. इथं हिंसा नव्हती असं आम्ही म्हणत नाही. वेसण होती, आसूड होता, भाकड जनावर बाजारात जात होतं. पण दुधासाठी वासरू नकोसं होत नव्हतं, हा फरक महत्त्वाचा.

हे चक्र कसं मोडलं? एका दिवसात नाही. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे आली, मानवत रोड स्टेशन झालं, कापूस दूरच्या गिरण्यांकडे जाऊ लागला. १९६४ ला सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट बुटकं, म्हणजे कडबा कमी. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर सुकडी. ज्यांनी ती मिलोची भाकरी खाल्ली ते अजून तिची चव विसरलेले नाहीत. १९७६ ला जायकवाडी पूर्ण झालं, डावा कालवा पाथरी तालुक्यातून गेला, आणि पाणी आलं तिथं ऊस आला. त्याला ज्वारीच्या कितीतरी पट पाणी लागतं. मग ट्रॅक्टर आला, बैल गेला. १९९० नंतर सोयाबीन आलं, करडई मागे हटली. गंमत बघा, व्हीगन लोक ज्या सोयाबीनला प्रथिनांचा राजा मानतात ते आपण पोत्यानं पिकवतो, पण आपल्या ताटात त्याचं तेवढं तेल येतं. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला.

दुधाचंही तसंच. १९७० ला 'दूध महापूर' योजना सुरू झाली, १९९८ पर्यंत भारत दूध उत्पादनात जगात पहिला झाला. अनेक कोरडवाहू घरांना त्यातून रोजचा पैसा मिळाला, हे नाकारणं अन्यायाचं होईल. पण गोठ्याचं गणित उलटं झालं. आता दूध मुख्य आणि गोऱ्हा नकोसा. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू बसत नाही, आणि बसलं तरी शेतात ट्रॅक्टर आहे. गाय दूध देत राहायची तर तिला पुन्हा पुन्हा व्यायला हवं, आणि जन्मणाऱ्यांत निम्मे गोऱ्हे. त्यांना सांभाळणार कोण? २०१५ च्या कायद्यानंतर बैल कत्तलीला विकायची वाटही बंद झाली, पण त्यांना पोसायचा कडबा कुठून यायचा, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दारात तसाच उभा आहे. 'जीव न घेता दूध' ही समजूत नांगराच्या बैलावर उभी होती. बैल गेला आणि तिचा आधार गेला. म्हणून आमचं म्हणणं आहे की, व्हीगन विचार परदेशातून आला असेल, पण त्याचा प्रश्न आता आपल्या गोठ्यातला आहे.

इथं एक सावधगिरी. आपल्याकडे 'शाकाहार' हा शब्द जातीच्या उतरंडीपासून मोकळा नाही. अनेकांना दूधतूप दिसलंच नाही, ते त्यागातून नव्हे, गरिबीतून आणि बहिष्कारातून. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक जरूर वाचा. मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराचा तो दस्तऐवज आहे. १९२७ ला महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं, ते स्वाभिमानासाठी, कुणाच्या सोवळ्यासाठी नव्हे. पाथरीत मुसलमान शेजारी आहेत, त्यांचं ताट वेगळं आहे. तेव्हा व्हीगन होणं हे शेजाऱ्याच्या ताटात डोकावण्याचं निमित्त होऊ नये. हा प्रश्न ज्यानं त्यानं आपल्या ताटाला विचारायचा.

मग कुटुंबानं करायचं काय? बदामाचं दूध महागडं विकत आणायची गरज नाही. भाकरी आणि तुरीचं वरण ही जोडी प्रथिनांच्या दृष्टीनं एकमेकींची उणीव भरून काढते. तीळ, जवस, कारळं यांच्या चटण्या ताटात परत आणा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं दिलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी लोह आणि जस्तानं समृद्ध आहे, तिची चौकशी करा. करडईचं तेल मागा. गिऱ्हाईक असेल तर शेतकरी पेरेल.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जीवनसत्त्व बी-१२ वनस्पतीतून भरवशानं मिळत नाही. जो दूध-अंडी पूर्ण सोडेल त्यानं त्याची गोळी घेतलीच पाहिजे. घरात लहान मूल, गरोदर सून किंवा आमच्यासारखं म्हातारं माणूस असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावं. तत्त्वासाठी लेकरांची हाडं पणाला लावायची नसतात.

घरातली सगळी माणसं एका दिवसात बदलत नाहीत. आजी चहातलं दूध सोडणार नाही, नातू कदाचित सोडेल. दोघांनी एका पंगतीत बसावं. आठवड्यातले चार दिवस ताट पूर्ण वनस्पतीचं झालं, तरी पाणी, चारा आणि जनावर यांच्यावरचा भार तेवढा हलका होतो. दूध घ्यायचंच असेल, तर ज्या गोठ्यातून येतं तिथल्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं, एवढं विचारून घ्यावं. उत्तर ऐकल्यावर काय करायचं, ते प्रत्येक घरानं आपापलं ठरवावं.

आज इथं थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.