जुन्या घराचं कर्ज

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काका, बँकेतलं काहीतरी लिहा" असा चिटणीसांचा आग्रह झाला. बँकेतलं म्हणजे कर्जातलंच. आपल्या भागात घरासाठी कर्ज कसकसं मिळत गेलं आणि माझ्याच घराची फाइल कुठे अडली, ते सांगतो.

मी १९७३ साली बँकेत लागलो. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं. शेतीला द्या, लघुउद्योगाला द्या, असा वरून धोशा असे. घरासाठी कोणी कर्ज मागायला आलं तर मात्र आम्ही एकमेकांकडे बघत असू. घर बांधायचं म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, बायकोचे दागिने आणि सासुरवाडीची उसनवारी. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या लोकांना सरकारी घरबांधणी अग्रिम मिळे, त्याचा बाकीच्यांना हेवा वाटे. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी काढली आणि पगारदार माणसाने हप्त्याने घर घ्यायचं, ही कल्पना हळूहळू रुजली. १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक आली. आमच्यासारख्या बँका या धंद्यात जोमाने उतरल्या त्या त्यानंतरच.

व्याजाचा फरक तरुण सभासदांना सांगितला तर खरा वाटत नाही. नव्वदच्या दशकात गृहकर्जाला १५ टक्के व्याज ही नित्याची गोष्ट होती. १५ वर्षांच्या मुदतीला लाखामागे हप्ता सुमारे १,४०० रुपये, म्हणजे एका लाखाचे अडीच लाख फेडायचे. २००४ च्या सुमारास दर ८ टक्क्यांच्या आसपास आला आणि तोच हप्ता ९५६ रुपयांवर उतरला. बदलापुरात इमारतींचं पीक आलं, त्यात या फरकाचा वाटा मोठा आहे.

पण नवीन फ्लॅटचं कर्ज सोपं. वडिलोपार्जित घर पाडून बांधायचं कर्ज अवघड, कारण तिथे बँक आधी विचारते, "घर कोणाचं?" उल्हासनगरला मी काही वर्षं होतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत येऊन राहिले, १९४९ साली त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. पुढे १९५४ च्या पुनर्वसन कायद्याखाली राहत्या जागा लोकांच्या नावावर झाल्या. आजोबांची ती सनद ज्याने ट्रंकेत जपली, त्याची फाइल पुढे सरके. ज्याच्याकडे नुसता ताबा आणि विजेचं बिल, त्याला आम्ही हात जोडत असू. मग तो खाजगी सावकाराकडे जाई आणि मंजुरीशिवायच मजले चढवी. शेवटी २००६ साली सरकारला एकट्या उल्हासनगरसाठी अनधिकृत बांधकामं नियमित करण्याचा वेगळा कायदा करावा लागला.

दुसऱ्यांच्या फायलींवर असे शेरे मारणारा मी, माझ्या घरी काय होतं? बदलापूर गावात नदीच्या बाजूला आमचं आजोबांनी बांधलेलं कौलारू घर. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी छातीपर्यंत आलं. दोन दिवसांनी मागची मातीची भिंत बसली. आम्ही दोघा भावांनी ठरवलं, आता पाडून पक्कंच बांधायचं. कर्जाचा अर्ज भरला. आठवड्याने वकिलांचा शेरा आला: मिळकत अजून आजोबांच्या नावावर, वारसनोंद नाही. घरपट्टीच्या पावत्या काढून बसलो. आधी ग्रामपंचायत, मग कल्याण महापालिका, मग नगरपरिषद. तीन कारभार बदलले, पावतीवरचे आजोबा बदलले नव्हते. वडील १९८८ साली गेले, तेव्हा तलाठ्याकडे एक अर्ज करायला मला सवड झाली नव्हती.

दुसरा शेरा होता बहिणीचा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीचा हक्क होताच. भावाने परस्पर हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेतला आणि मी तो घेऊन अंबरनाथला ताईकडे गेलो. म्हटलं, "ताई, इथे सही कर, बँकेला लागते." तिने चष्मा लावून सगळा कागद वाचला. मग म्हणाली, "सही करते रे. पण घर पाडायचं ठरलं, नकाशा झाला, तेव्हा कोणी विचारलं का मला? माझं बाळंतपण त्या माजघरात झालंय."

मला उत्तर देता आलं नाही. ३२ वर्षं मी लोकांच्या बहिणींच्या सह्या मोजल्या होत्या, त्यांना कोणी विचारलं का, हे एकदाही विचारलं नव्हतं. मसुदा तसाच घडी करून परत आणला. घरी भावाशी खडाजंगी झाली, दोन महिने अबोला होता. शेवटी वारस म्हणून तिघांचीही नावं लागली, ताई सहमालक आणि सहकर्जदार झाली, हप्ते आम्ही भावांनी भरले. नकाशात मागच्या बाजूला एक खोली वाढली. कर्ज एक लाखाने वाढलं, कामाला वर्षभर उशीर झाला. वास्तुशांतीला ताई आदल्या दिवशीच येऊन राहिली. आता ती नाही, पण त्या खोलीला आम्ही अजून ताईची खोलीच म्हणतो.

हे सगळं इथे का लिहिलं? आपली इमारत २५ वर्षांची झाली. आणखी दहा-पंधरा वर्षांत पुनर्विकासाचा विषय निघणारच. तेव्हा बँक आणि बिल्डर दोघेही पहिला प्रश्न तोच विचारतील, "कोणाचं?" फ्लॅट तुमचा असला तरी खालची जमीन सोसायटीच्या नावावर आहे का, ते बघा. बिल्डर करून देत नसेल तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय झालेली आहे. नामनिर्देशनाचा फॉर्म भरा. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यामुळे मृत्युपत्रही करा. आणि ते करताना मुलींना समोर बसवून विचारा. दिवाणखान्यात चहा घेत अर्ध्या तासात होणारं काम आहे. नंतर त्यालाच वर्ष लागतं आणि घरात अबोला होतो.

कागदपत्रांबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर रोज संध्याकाळी मी खालच्या बाकावर असतो. येताना कागदांची पिशवी घेऊन या.